कोरा चिखल

"अजून किती वर जायचं, काका?" पोटरीवरची जळू मिठाची चिमूट टाकून सोडवत बाईंनी विचारलं.

"वर नाही, आता खाली," वाटाड्या म्हणाला. "झऱ्याच्या कडेकडेनं खाडीपर्यंत. तेवढंच राहिलंय."

दहावा दिवस होता. पाहणीला दहाच दिवस मिळाले होते, आणि आज संध्याकाळी पाचच्या आत धक्क्यावरच्या कचेरीत अहवाल द्यायचा होता. बाईंचं अर्धं आयुष्य जंगली जनावरं मोजण्यात गेलं होतं. रिकाम्या हातानं परतायची त्यांना सवय होती. पण या वेळची गोष्ट वेगळी होती. समुद्राला खेटून उभं असलेलं हे दाट, कायम ओलं रान तोडून इथं बंदर व्हायचं होतं. रान वाचायला एकच आधार उरला होता : या खाडीत पाणमांजर राहतं, याचा एक तरी पुरावा. चिखलावरचं एखादं पाऊल, खडकावर वाळलेली, माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा, काहीही चाललं असतं.

बंदराचं वाटाड्याही ऐकून होता. पण त्याचा या पाहणीशी काय संबंध, हे त्याला ठाऊक नव्हतं. स्थानिक माणसाला कारण सांगायचं नाही, अशी न्यायालयानं नेमलेल्या समितीची अटच होती. नाहीतर कुणीतरी खोटे पुरावे पेरील म्हणे. म्हणून बाईंनी त्याला एवढंच सांगितलं होतं, "पाणमांजरं शोधतेय. दिसली तर फोटो काढायचेत."

साठी उलटलेला हा माणूस याच रानात लहानाचा मोठा झाला होता. असा सोबती मिळाला हे बाईंना आपलं नशीबच वाटे. रोज त्या तंबूतून बाहेर येईपर्यंत तो कोयता आणि पाल्याची एक फांदी घेऊन पुढची वाट साफ करून आलेला असे.

"तोंडावर कोळ्याचं जाळं बसलं की दिवसभर चुरचुरतं, ताई," तो म्हणायचा.

आणि त्यानं दाखवलं तरी काय काय! डोक्यावरून भाता चालवल्यासारखा आवाज करत गेलेली धनेशाची जोडी. फांदीवर घडी घालून ठेवल्यासारखा हिरवा साप. मुळांच्या गुंत्यात डोळे मिटून बसलेली घोरपड. पाणमांजर मात्र नाही.

"पूर्वी होती का हो इथं?" उतरता उतरता बाईंनी विचारलं.

"पूर्वी पुष्कळ काय काय होतं." त्यानं कोयत्यानं एक वेल बाजूला सारली. "खवलेमांजर होतं. वीसेक वर्षं झाली, एक साहेब आले होते. मीच दाखवलं त्यांना. पेपरात फोटो आला, खाली माझं नाव. बायकोनं तो कागद दारामागं चिकटवला होता. महिन्याभरात सापळेवाले आले. वर्ष सरायच्या आत एकही उरलं नाही."

"फार वाईट झालं."

"झालं खरं," तो म्हणाला आणि पुढं चालू लागला.

खाडीच्या काठावर वाटाड्यानं दाखवलेल्या झाडांना बाईंनी चार कॅमेरे बांधले होते. पहिल्यात खेकडे. दुसऱ्यात वानरांची टोळी, त्यातलं एक भिंगात डोळा घालून बघणारं. तिसऱ्याच्या भिंगावर ओलं पान चिकटलेलं. चौथ्यात नुसती भरती आणि ओहोटी. बाई गुडघाभर चिखलात उतरल्या. सगळा काठ त्यांनी पुन्हा एकदा वीत वीत पाहिला. चिखल पाटीसारखा कोरा होता.

त्या एका मुळावर बसल्या आणि मोबाइल काढला. त्यात पाणमांजराच्या पावलांचे फोटो होते, तीन वर्षांपूर्वीचे, दुसऱ्याच एका खाडीतले. चिखल कुठलाही सारखाच दिसतो. कुणाला कळलं असतं? त्यांचं बोट बराच वेळ त्या फोटोवर घुटमळलं. पण एकदा खोटं बोललं, की पुन्हा कुठल्याच रानासाठी आपला शब्द कुणी खरा मानणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मोबाइल खिशात गेला.

"काहीच नाही?" वाटाड्यानं विचारलं.

"काहीच नाही."

"मग आता परत कुणी नाही यायचं शोधायला?"

"नाही. कशाला येतील?"

त्यानं मान हलवली आणि थर्मासमधला उरलेला चहा त्यांना ओतून दिला. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झालेला दिसला. दमला असेल बिचारा, बाईंना वाटलं.

कचेरीत पोचले तेव्हा साडेचार झाले होते. बाईंनी रकान्यात 'पुरावा आढळला नाही' असं लिहिलं. खाली सही केली. कारकुनानं शिक्का मारला, पाकीट बंद करून त्यावर लाख लावली.

"फेरपाहणीचा अर्ज करता येईल का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो, मॅडम. न्यायालयाचा हुकूमच तसा आहे, एकदाच पाहणी." त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. धक्क्याला लागलेल्या तराफ्यावर झाडं पाडायची दोन पिवळी यंत्रं उभी होती. "ती सकाळपासून आलीयत. तुमच्याच कागदासाठी थांबली होती."

बाहेर पायरीवर वाटाड्या त्यांची पिशवी सांभाळत उभा होता. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. बंदर, न्यायालय, समितीची अट, आणि पाणमांजराच्या एका पुराव्यावर अडलेलं अख्खं रान.

तो ऐकत राहिला.

"एक पाऊल?" त्यानं विचारलं.

"एक पाऊल पुरलं असतं, काका."

"आणि कागद? दिलात?"

"दिला. शिक्काही बसला."

तराफ्यावरचं एक यंत्र घरघरत सुरू झालं. वाटाड्या हळूहळू खाली पायरीवर बसला.

"पाच आहेत, ताई," तो म्हणाला. "दोन मोठी, तीन पिल्लं. रोज पहाटे मीच चिखल सारवत होतो."