दोनदा गेलेला निरोप

नोंदणी खिडकीवरचा कारकून स्वतः हॉस्पिटलच्या तळघरात उतरून आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे तिच्या लक्षात आलं. एरवी तो फोनवरूनच वसकन अंगावर यायचा.

वर एक बाई बसल्या आहेत, तो म्हणाला. त्यांचा नवरा आणि मुलगा सकाळपासून आत आहेत. अपघात झाला तेव्हा दोघं एकाच गाडीत होते. बाईंच्या फोनवर मृत्यूची नोंद झाल्याचे दोन मेसेज आलेत आणि त्या दोघांचेही कागद मागताहेत.

"माझ्याकडे नोंद एकाचीच आहे. दुसरा अजून ऑपरेशन टेबलावर आहे. आता तुमचं मशीन काय म्हणतंय ते बघा."

हॉस्पिटलच्या संगणक विभागात माणसं दोनच. ती, आणि तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी खुर्ची तिच्या टेबलापाशी ओढली. तिने लॉग, म्हणजे काय कधी पाठवलं त्याची यंत्रणेतली नोंद, उघडला. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विनंती गेली होती. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, म्हणून ती पुन्हा गेली होती. पोचल्या मात्र दोन्ही होत्या. उशीर झाला होता तो फक्त पोच यायला.

पुन्हा पाठवण्याचा नियम तिचाच. बाहेरच्या सर्व्हरांशी बोलणारा जुना प्रोग्राम, एचटीटीपी क्लायंट, उत्तराची वाट बघत ताटकळत बसायचा आणि त्याच्यापायी सगळी यंत्रणा अडून राहायची. म्हणून मागच्या आठवड्यात तिने स्वतःचा क्लायंट बांधला. पाच सेकंद थांबायचं. उत्तर नाही आलं, तर पुन्हा पाठवायचं. रक्तपेढीतला साठा, बाहेरच्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट, सगळं झरझर यायला लागलं. आडमुठ्याला बरं वठणीवर आणलंस, असं मास्तर म्हणाले होते.

विचारणं दोनदा झालं तर बिघडत नाही. सांगणं दोनदा झालं तर बिघडतं. तिने दोन्हींना एकच नियम लावला होता.

मेसेजमध्ये नाव नसायचं, फोन भलत्याच्या हाती पडला तर काय, म्हणून. 'आपल्या रुग्णाच्या मृत्यूची नोंद झाली आहे', एवढंच. एरवी डॉक्टर आधी स्वतः सांगत, मेसेज मागाहून जाई. आज डॉक्टर त्या दुसऱ्याच्याच ऑपरेशनमध्ये अडकले होते, आणि नोंद होताच मेसेज आपोआप निघून गेला होता.

मेसेजपुरतं पुन्हा पाठवणं तिने बंद केलं. एका ओळीचं काम. मास्तरांनी ते तपासून सर्व्हरवर चढवलं, आणि तांत्रिक चूक झाली एवढं बाईंना सांगून टाका, असं कारकुनाला म्हणाले.

"मी सांगू?" कारकून म्हणाला. "बातमी आनंदाची आहे का दुःखाची, ते तरी कळू द्या. त्याप्रमाणे तोंड करून जातो."

मग तिने त्याला नोंदीतलं नाव विचारून घेतलं आणि ती जिना चढून वर गेली.

बाई भिंतीकडेच्या बाकावर होत्या. फोनवर कोणालातरी 'हो, दोघंही' म्हणत होत्या. आवाज वाण्याला सामान सांगावं तसा सरळ. फोन ठेवेपर्यंत ती उभी राहिली, मग शेजारी बसली.

"काकू, मेसेज दोन आले, पण तो एकच होता. चूक माझी आहे." तिला पुढचं जमेना, तरी ती बोलली. "एकच जण गेलाय. एकाचं ऑपरेशन चालू आहे."

बाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, जणू कोण गेलं ते तिथेच कुठेतरी लिहिलेलं असावं. तिने नाव सांगायला ओठ उघडले, तशी बाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "मघापासून दोघंही नव्हते. आता जरा वेळ दोघंही असू देत."