औषधाविना अंबाडी

"फवारू नका! हे लाल ढालकिडे मावा फस्त करतात," कृषी सहायक मॅडम फोनवर म्हणाल्या. झुंबरने त्यांना पानाचा फोटो पाठवून पीक अंबाडीचं सांगितलं होतं. पान अगदी तसंच दिसतं.

तुरीच्या आड उभा होता तो गांजा. आठ दिवसांत मावा गेला, झाडं तरारली. झुंबरला राहवलं नाही. त्याने मॅडमना कळवलं, "औषधाविना पीक वाचलं बघा!"

दुसऱ्याच दिवशी मॅडम तीस शेतकऱ्यांना घेऊन बांधावर हजर. "चला झुंबरराव, दाखवा सगळ्यांना तुमची अंबाडी."

सगळ्यांत पुढे पोलीस पाटील होते. त्यांच्या अंबाडीवरही मावा पडला होता, म्हणून ते लिहून घ्यायला वही-पेन घेऊनच आले होते.