पुस्तकामागचे आजोबा

दिंडोरीजवळच्या एका अंगणवाडीत दर मंगळवारी मी मुलांना आकारांची चित्रपुस्तकं वाचून दाखवतो. मला लहान मुलांसमोरसुद्धा लाजायला होतं, म्हणून पुस्तक तोंडापुढे धरूनच वाचतो. वर्ष झालं, पण कुणी काही शिकलं असेल असं वाटेना. शेवटी 'मला हे जमत नाही, क्षमा असावी' अशी चिठ्ठी लिहून नेली. सेविका उज्वलाताईंना तोंडानं सांगायचं धैर्य नव्हतं.

चिठ्ठी हातात घेऊन घुटमळत होतो, तेवढ्यात चार वर्षांच्या कार्तिकीनं ती ओढून घेतली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगीत खडूनं चित्र काढलं. मोठा चौकोन, त्याच्यावर दोन गोल, सगळ्यात वर त्रिकोण.

"हे तुम्ही," ती म्हणाली. "चौकोन पुस्तक, गोल गोल चष्मा, अन् त्रिकोण तुमची टोपी."

उज्वलाताई हसल्या. "अगं, आजोबांचं तोंड कुठंय?"

"पुस्तकाच्या मागं हाय ना! मी कुठं पाह्यलंय अजून?"

ताईंना कागदावरचं माझं अक्षर दिसलं. "काका, हे मला द्यायचं होतं का?"

"नाही नाही, हे माझं आहे. कार्तिकीनं दिलंय," म्हणत मी चिठ्ठी जपून खिशात ठेवली. कार्तिकीला 'थँक्यू' म्हणालो. मग पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच हनुवटीच्या खाली धरलं.