अगदी आपल्याच हातासारखा

पुण्यात मनोहरकाकांनी हातमोज्यातलं बोट दाबलं, की गडहिंग्लजला सुमनआत्याच्या घरातला यांत्रिक हात तिला इन्सुलिन टोचायचा. "अगदी आपल्याच हातासारखा!" काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

त्या दिवशी सकाळी सातला बोट दाबलं, पण पडद्यावर यंत्राचं नेहमीचं उत्तर, "झालं", उमटलंच नाही. साडेसातला काकांनी पुन्हा दाबलं. तरी काही नाही. आठला ते तिसऱ्यांदा दाबणार, तोच दहावीतल्या पुतणीने, इरावतीने, त्यांचं मनगट धरलं.

"काका, नुसतं उत्तर हरवलं असेल. टोचून झालंही असेल!"

"उत्तर नाही म्हणजे काम नाही. तीस वर्षं यंत्रणा बांधतोय मी, शहाणे!"

"आपल्या हाताने टोचलं की नाही, हे आपल्याला कळतं. हा कसला डोंबलाचा आपला हात?"

तिने आत्याच्या शेजारच्या नसीमचाचींना फोन लावला. चाची धावल्या. आत्या घामाने थबथबली होती, बोलणं अडखळत होतं. चाचींनी साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी आत्या फोनवर भावाला खणखणीत शिव्या देऊ लागली.

तेवढ्यात पडद्यावर उमटलं, "झालं." पाठोपाठ पुन्हा, "झालं."

इरावतीने काकांचा हातमोजा काढून घेतला. "तीस वर्षं ना? आता खऱ्या हाताने कान धरा."