सहा शब्द

“हात मांडीखाली घाला, काका. दोन्ही.”

शिंपीकाकांनी हात मांडीखाली दाबले. मैदानाच्या मधोमध ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची करकरली. समोर भिंगरीची वाट मांडलेली होती: उडीचे दांडे, टांगलेलं चाक, ओळीत रोवलेल्या काठ्या, कापडी बोगदा, त्याला खेटून उंच फळी, आणि शेवटी बसायचा चौथरा. सहा अडथळे, सहा शब्द. भिंगरी कुत्री रेषेवर बसून होती, शेपटी मातीत सपसप आपटत.

“खांदाही हलवायचा नाही,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “ती तुमच्या हाताकडे बघून पळते की शब्दावर, तेवढंच मला बघायचंय. एक जरी चुकलं तर उद्यापासून ती बँकेतल्या त्या पोरीबरोबर पळेल. तुमचा गुडघा आता पळायचा नाही.”

“आणि राहील पण तिच्याकडेच.”

“आमच्या संस्थेचं कुत्रं शर्यतीत ज्याच्याबरोबर पळतं त्याच्याच घरी राहतं. नियम मी केलेला नाही, काका.”

तीन आठवड्यांपूर्वी याच खुर्चीतून काकांनी ‘उडी’ म्हटलं होतं, तेव्हा भिंगरीने लांबलचक जांभई दिली होती. घरी तिच्याशी किती बोलता, असं बाईंनी त्या दिवशी विचारलं होतं.

“दुकान उघडल्यापासून दिवा मालवेपर्यंत,” काका म्हणाले होते. “गिऱ्हाइकाचं पोट सुटतं आणि दोष माझ्या कात्रीला. हे दुसऱ्या कुणाला सांगू?”

“मग बरोबर आहे तिचं. रोज मरे त्याला कोण रडे, तसं रोज बोले त्याला कोण ऐके. तुमचा आवाज तिला शिलाई मशीनच्या खडखडीसारखा झालाय. एकवीस दिवस हे सहा शब्द सोडून तिच्या कानावर तुमचा दुसरा शब्द पडता कामा नये.”

काकांनी ते पाळलं. जीभ आवरायची म्हणून ओठांत टाचण्या धरून बसायचे. मापं खडूने पाटीवर लिहून दाखवायचे. गिऱ्हाइकांना वाटलं, काकांची दाढ ठणकतेय. एकीने तर पुडीत बांधून लवंगा आणून दिल्या. पहिले चार दिवस भिंगरी मशीनपाशी यायची, मान वर करून तोंडाकडे बघायची. आज काय झालं, सांग की, असं विचारल्यासारखी. काका दोरा ओवत राहायचे. पाचव्या दिवसापासून ती दारात जाऊन झोपू लागली.

संध्याकाळी मात्र मागच्या बोळात दोन विटांवर काठी ठेवून काका म्हणायचे, “उडी.” दिवसभराच्या गप्पपणातून तो एकच शब्द बाहेर यायचा, नव्या सुईसारखा लखलखीत. आणि भिंगरी उडायची.

“करा सुरू,” बाई म्हणाल्या.

“उडी.”

ती सुटली. दांडे ओलांडले, पायाखालची माती तेवढी उडाली.

“चाक.” गेली. “काठ्या.” एक डावीकडून, एक उजवीकडून, धावदोरा घालावा तशी ती काठ्यांतून सरकत गेली. मांडीखाली काकांची बोटं मुकाट वळवळत होती. पुढे बोगदा होता, पण बाईंनी आधी फळी घ्यायला सांगितली होती. बोगदा म्हणजे भिंगरीचा जीव. तो दिसला की तिला जग दिसत नसे. तिची मान आधीच त्याच्या काळ्या तोंडाकडे वळली होती.

“फळी,” काका म्हणाले. आवाज चढवला नाही.

चारही पाय मातीत रुतले. भिंगरी अंग मुरडून वळली, बोगद्याच्या काठाला घासून फळीवर चढली, पलीकडे उतरली. “बोगदा.” आता आत, कापड फुगलं, ती बाहेर. “बैस.” ती चौथऱ्यावर बसली. जीभ बाहेर, डोळे काकांच्या ओठांवर.

बाईंनी हातातलं घड्याळ थांबवलं, पण वेळ बघितली नाही.

“माझ्या अकरा वर्षांत बसल्या जागेवरून कुणी असं पळवलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “भिंगरी तुमची, काका. काढा ते हात बाहेर. आणि बोला आता तिच्याशी, पोटभर बोला. साचलं असेल.”

साचलं होतंच. रस्त्यापलीकडचा इस्त्रीवाला, ज्याच्या खोकल्यावरून काका बावीस वर्षं सकाळ ओळखत आले, तो काल गाळा रिकामा करून लेकाकडे निघून गेला होता. निरोप घ्यायला पायरीवर आला तेव्हा भिंगरी जवळच बसलेली, म्हणून काकांनी नुसता त्याचा हात धरून ठेवला होता. तो म्हणाला होता, “एवढा काय राग धरलास, बोलत पण नाहीस?” आणि गेला होता.

भिंगरी चौथऱ्यावरून उतरून खुर्चीपाशी आली. काकांच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, घसा खाकरला.

“काल ना, आपला तो...”

ती हातांतून सुटली. कान ताठ. दांड्यांकडे धावली, थांबली. चाकाकडे बघितलं. बोगद्याच्या तोंडापर्यंत जाऊन मागे फिरली. सगळ्या मैदानात ‘काल’ नावाचं काही नव्हतं.

एक पंजा उचलून ती काकांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, तयार.