कॅरिअरवरचा बाप

पोस्टात कारकुनी लागली तसा इंद्रभान नव्याकोऱ्या सायकलच्या कॅरिअरवर बापाला बसवून नदीकाठानं कारंजा गाव दाखवायला निघाला. म्हाताऱ्या ग्यानबाचा जन्म याच गावात गेला होता, पण सगळा खालमानेनं.

वेशीची कमान आली आणि ग्यानबानं कॅरिअरवरून उडी मारली. पुढे महादेवाच्या जुन्या देवळापाशी तेच, घाटाच्या बुरुजापाशीही तेच. बौद्ध होऊन वीस वर्षं होत आली होती. तरी वेशीतून, देवळापुढून, बड्या माणसापुढून आपल्या वस्तीतल्यानं बसून जायचं नाही, ही जुनी रीत त्याच्या पायांत मुरलेली होती.

"बा, तू घडीघडी काहून उतरून राह्यला?" इंद्रभान खेकसला. "पंच्याहत्तर साल लागलं. आता कायदा हाये. कोनाले भेतं तू?"

"पाय आपसूकच खाली येते रे," ग्यानबा ओशाळून म्हणाला. पण त्यानंतर तो दोन्ही हातांनी कॅरिअर आवळून बसून राहिला.

नदीच्या वळणावर गुलाबराव पाटलांचा भाजीचा मळा होता. बांधावर गुलाबराव उभे होते. ते नुसते खाकरले.

इंद्रभान भानावर आला तेव्हा तो हँडल धरून, मान खाली घालून सायकलच्या बाजूला उभा होता.

मागून म्हाताऱ्याचा हळू आवाज आला, "मी तं बसूनच हावो बापू. तू काहून उतरला?"