अमावस्येचं तिकीट

माधवनगरातले माणिकराव ज्योतिषी साऱ्या गल्लीला प्रवासाचे मुहूर्त काढून देत. अमावस्येला तर त्यांनी आपल्या एकुलत्या लेकीला, ऋताला, कधी जवळच्या इंदौरपर्यंतसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. लग्नानंतर ती कोच्चीला गेली आणि विमानाच्या भाड्यापायी दोन वर्षं माहेरी येऊ शकली नाही. आज दुपारी तिचा फोन आला. “बाबा, एकदम सस्तं तिकीट मिळतंय,” ती चाचरत म्हणाली, “पण त्या दिवशी अमावस्या आहे. तुम्ही रागवाल ना?” माणिकरावांनी मांडीवरच्या पंचांगाकडे पाहिलं. शुभ दिवशी सगळेच निघतात, म्हणून भाडी चढतात, हे रोज मोबाईलवर तिकिटं धुंडाळताना त्यांच्या ध्यानात आलं होतं. पंचांगातल्या साऱ्या अमावस्यांभोवती त्यांनी लाल पेनाने गोल करून ठेवले होते. “बुक करून टाक, बेटा,” ते म्हणाले, “तुझा मुहूर्त मी कधीचाच काढून ठेवलाय.”